एकाच टाकीचे चार आकडे! घनमीटर, लिटर, घनफूट यांचा मेळ कसा लावायचा?

नवी_जलसुरक्षक

नमस्कार मंडळी. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक म्हणून काम हाती घेतलं आहे. टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीची, मात्रा लिटरवर ठरते, म्हणून आधी प्रत्येक साठ्यात नेमकं किती पाणी मावतं ते लिहून काढते आहे. पहिल्याच बैठ्या टाकीपाशी गाडी अडली. एकाच टाकीचे चार आकडे सापडले:

टाकीवरच्या पाटीवर १५,००० लिटर.
नोंदवहीत २७,१७४ लिटर.
ज्या गवंड्याने टाकी बांधली त्याच्या कागदावर नुसतं ५६०. एकक लिहिलेलंच नाही.
ठेकेदार तोंडी सांगतो, "सोळा हजाराची आहे."

टाकी आयताकृती, विटांची, वर स्लॅब. बाहेरून टेप लावला तर लांबी ४.०६ मीटर, रुंदी २.९१ मीटर, जमिनीपासून स्लॅबच्या माथ्यापर्यंत २.३० मीटर. यातला कुठला आकडा धरायचा? शिवाय एक गोल उंच टाकी आणि एक विहीर आहे, त्यांचं माप कसं घ्यायचं? आणि नवीन बसवलेल्या मीटरवर लिटर दिसतच नाहीत, काळे-लाल आकडे आहेत. ते कसे वाचायचे?

ओळंबा

ताई, नोंदवहीतला आकडा कुठून आला ते तुमच्याच मापांतून दिसतं. ४.०६ × २.९१ × २.३० = २७.१७४ घनमीटर. म्हणजे कुणीतरी बाहेरून टेप लावून भिंती, तळ आणि स्लॅबसकट सगळ्याचं घनफळ काढलं आणि त्याला पाणी समजलं. तो आकडा आजच खोडा.

बाकीच्या तीन आकड्यांसाठी आतलं माप लागेल. टाकी धुवायच्या दिवशी, पूर्ण रिकामी असताना घ्या. दोन्ही झाकणं आधीच उघडून हवा खेळती ठेवा, बाहेर एक माणूस उभा ठेवा, आणि क्लोरीनचा वास येत असेल तर कुणालाही आत उतरू देऊ नका. बंद टाकीत माणूस गुदमरायला फार वेळ लागत नाही.

काय काय मोजायचं ते सांगतो.

लांबी आणि रुंदी आतून, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत. तळाशी एकदा आणि छातीच्या उंचीला एकदा. विटांची भिंत वर जाताना दोन-तीन सेंटिमीटर आत-बाहेर झालेली असते, म्हणून दोन्हींची सरासरी धरा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे आले तर टाकी काटकोनात आहे.

खोली मात्र स्लॅबपर्यंत मोजायची नाही. ओव्हरफ्लो पाइपाच्या खालच्या ओठापर्यंतच पाणी चढतं, त्याच्या वर फक्त हवा. तळाला वॉशआउटच्या (टाकी धुताना पाणी बाहेर काढायच्या तोंडाच्या) दिशेने उतार दिलेला असतो, म्हणून चारही कोपऱ्यांत खोली घ्या आणि सरासरी काढा. टेपच्या टोकाला ओळंबा बांधला की टेप सरळ लोंबतो. तिरक्या टेपचं माप नेहमी जास्तच येतं.

शेवटचं माप म्हणजे गावाकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड तळापासून किती वर आहे. त्याच्या खालचं पाणी नळाला कधीच जात नाही.

सगळी मापं मीटरमध्ये आणि दशांशात लिहा. ३ मीटर ६० सेंमी म्हणजे ३.६०. पण ३ मीटर ६ सेंमी म्हणजे ३.०६, ३.६ नव्हे. ही चूक बहुतेक प्रत्येक नोंदवहीत सापडते.

नवी_जलसुरक्षक

धन्यवाद दादा. काल टाकी धुतली, तेव्हा मापं घेतली. आतून लांबी ३.६०, रुंदी २.४५. दोन्ही कर्ण ४.३५. ओव्हरफ्लोपर्यंतची खोली चार कोपऱ्यांत १.७८, १.८०, १.८० आणि १.८२. गावाच्या पाइपाचं तोंड तळापासून १५ सेंमी वर आहे. आत खांब नाही.

ओळंबा

मापं चोख घेतली आहेत. आता एकेक आकडा सोडवू.

खोलीची सरासरी १.८०. तळाचं क्षेत्रफळ ३.६० × २.४५ = ८.८२ चौरस मीटर. गुणिले १.८० = १५.८७६ घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर, म्हणजे टाकी काठोकाठ भरली की १५,८७६ लिटर. ठेकेदाराचे "सोळा हजार" ते हेच.

पाइपाच्या तोंडाखालचे १५ सेंमी वजा करू: ८.८२ × ०.१५ = १.३२३ घनमीटर, म्हणजे १,३२३ लिटर. उरले १४,५५३. गावाला प्रत्यक्ष मिळणारं पाणी एवढंच. पाटी रंगवणाऱ्याने याचेच ढोबळ १५,००० केलेले दिसतात. माणशी रोज ५५ लिटर धरले तर एका भरण्यात २६४ माणसांचं भागतं.

आता ५६०. गवंडी फुटात मोजतो. १ घनफूट = २८.३१७ लिटर. १५,८७६ ÷ २८.३१७ = ५६०.७. म्हणजे गवंड्याचं माप बरोबर होतं, फक्त 'घनफूट' लिहायचं राहिलं. त्या कागदावर आता लिहून टाका, नाहीतर उद्या कुणीतरी ५६० लिटरची टाकी समजेल. वाळू-खडीचा हिशेब करताना लागतो म्हणून सांगतो, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर.

दोन आकडे मात्र वेगवेगळ्या कामांसाठी वेगळे वापरा. पाणी किती वाटता येईल हे सांगताना १४,५५३. टीसीएलची मात्रा काढताना १५,८७६, कारण तळातलं पाणीही औषध शोषतं, ते नळाला जावो न जावो. नोंदवहीतले २७,१७४ धरून मात्रा काढली असती तर ती ७१ टक्के जास्त पडली असती. पाण्याला उग्र वास आला की लोक नळ सोडून शेतातल्या विहिरीचं पाणी आणतात, आणि त्या पाण्यात क्लोरीन टाकणारं कुणीच नसतं.

टाकी नेहमी भरलेली नसते, म्हणून एक काम आत्ताच करून ठेवा. तळाचं क्षेत्रफळ ८.८२ चौ.मी. आहे, म्हणून पाण्याच्या दर सेंटिमीटरला ८८.२ लिटर. एका सरळ पट्टीवर दर १० सेंमीला रेघ मारा, रेघेपुढे ८८२, १,७६४, २,६४६ असे आकडे रंगवा आणि पट्टी झाकणाजवळ आत उभी ठोका. शून्याची रेघ तळाला, पाइपाच्या तोंडाला नाही. मग टेपची गरजच नाही, वाकून बघितलं की लिटर समोर.

पाणीपुरवठा_जुना

वरचं सगळं बरोबर. मी गोल टाकी आणि विहिरीचं सांगतो, कारण चुका इथे जास्त होतात.

गोल टाकीत व्यासाचा वर्ग येतो, म्हणून व्यासातली छोटी चूक दुप्पट होऊन बाहेर पडते. सूत्र सोपं ठेवा: व्यास × व्यास × ०.७८५४ × पाण्याची खोली. यात त्रिज्या येतच नाही. 'पाय आर स्क्वेअर' वापरताना लोक अर्धं करायला विसरतात आणि उत्तर थेट चौपट येतं.

उंच टाकीत उतरणं धोक्याचं. बाहेरून घेर मोजा. समजा टेप फिरवून घेर १४.१४ मीटर आला. भागिले ३.१४१६ म्हणजे बाहेरचा व्यास ४.५०. यातून दोन्ही बाजूंची भिंत वजा करायची. भिंत किती जाड आहे ते झाकणाच्या तोंडावरून अंदाजू नका, मूळ नकाशात बघा. १५ सेंमी असेल तर आतला व्यास ४.२०. पाण्याची खोली ३ मीटर धरली तर ४.२० × ४.२० × ०.७८५४ × ३ = ४१.५६ घनमीटर, म्हणजे ४१,५६० लिटर. भिंत वजा करायची राहिली तर याच टाकीत जवळपास १५ टक्के पाणी कागदावर वाढतं. टेप फिरवताना तो पूर्ण आडवा हवा, एका बाजूला वर चढला तरी घेर जास्त येतो.

तळ घुमटासारखा किंवा उतरता असेल तर हे सूत्र तिथे लागू पडत नाही. तेवढ्या भागाचं घनफळ नकाशावरून घ्या.

आता विहीर. कुठलीही विहीर कंपासने काढल्यासारखी गोल नसते. एकमेकांना काटकोनात दोन व्यास घ्या, म्हणजे पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर. ५.९० आणि ६.१० आले तर ६.०० धरा. व्यास पाण्याच्या पातळीवरचा हवा. बांधीव भाग संपला की खाली खडकात विहीर बहुतेक अरुंद होते. तिथे टप्पा असेल तर वरचा आणि खालचा भाग वेगळा मोजून बेरीज करा.

खोलीसाठी दोन मापं. कठड्यापासून तळापर्यंत समजा ११.३५ मीटर, कठड्यापासून पाण्यापर्यंत ७.१५. वजाबाकी ४.२०, हीच पाण्याची खोली. ६ × ६ × ०.७८५४ × ४.२० = ११८.७५ घनमीटर, म्हणजे १,१८,७५० लिटर. विहिरीची पूर्ण खोली धरली तर हाच आकडा ३ लाख २० हजारांवर जातो.

दोरीबद्दल. नायलॉनची दोरी वजनाने ताणते आणि सुती दोरी भिजली की आखडते. टेप पुरत नसेल तर दोरी आधी भिजवा, वजन लावून ताणलेली असतानाच तिच्यावर मीटरच्या गाठी मारा. टोकाला टोकदार वजन नको, ते गाळात रुततं आणि खोली जास्त दाखवतं. चपटं वजन गाळावर टेकतं. मोटार चालवण्याआधी आणि नंतर पातळी वेगळी असते, म्हणून माप टीसीएल टाकण्याच्या जरा आधीच घ्या. व्यास एकदाच मोजला की पुरे, पाण्याची खोली मात्र दर वेळी.

निळी_रेघ

प्रयोगशाळेच्या बाजूने थोडं. मोठे आकडे बरोबर आले तरी शेवटी हातात मिलिलिटर आणि ग्रॅम असतात, आणि तिथे घसरायला होतं.

आधी जिना पक्का करा. १ घनमीटर = १,००० लिटर. १ लिटर = १,००० मिलिलिटर. १ मिलिलिटर = १ घन सेंटिमीटर, आणि इंजेक्शनच्या सिरिंजवरचं 'सीसी' तेच. मीटरमध्ये १०० सेंमी असतात म्हणून घनमीटरमध्ये १०० घन सेंमी असा हिशेब मनात येतो, पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही १००-१०० झाल्या की १०० × १०० × १०० = १०,००,००० घन सेंमी होतात. मुलांना किंवा समितीच्या लोकांना दाखवायचं असेल तर आतून बरोबर १० सेंमी लांब, रुंद आणि उंच असा पुठ्ठ्याचा डबा करा, आत प्लास्टिक लावा आणि एक लिटर पाणी मोजून ओता. काठोकाठ भरतो. लिटरची व्याख्याच ती आहे, १ घन डेसिमीटर. १९०१ ते १९६४ या काळात लिटर १ किलो पाण्याच्या घनफळावर बेतलेला होता आणि किंचित मोठा भरायचा, १.००००२८ घन डेसिमीटर. १९६४ साली तो फरक काढून टाकला.

टीसीएलचा हिशेब. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर, १,००० लिटरला ५ ग्रॅम, ही सर्रास वापरली जाणारी मात्रा. ५ ग्रॅमचे ३३ टक्के म्हणजे १.६५ ग्रॅम क्लोरीन हजार लिटरमध्ये, म्हणजेच लिटरला १.६५ मिलिग्रॅम. पाण्याच्या बाबतीत लिटरला १ मिलिग्रॅम आणि १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) एकच, कारण एक लिटर पाण्याचं वजन साधारण दहा लाख मिलिग्रॅम असतं.

तुमच्या बैठ्या टाकीला भरलेली असताना १५.८७६ × ५ = ७९.४ ग्रॅम, म्हणजे ८० धरा. विहिरीला, वरच्या उदाहरणातल्यासारखी असेल तर, ११८.७५ × ५ = ५९४ ग्रॅम.

पावडर चमच्याने मोजू नका. चमचा घनफळ मोजतो आणि तुम्हाला हवं असतं वजन. सैल पावडर आणि दाबून भरलेली पावडर, एकाच चमच्यात वजन वेगळं. पोतं दमट झालं की गोळे होतात आणि फरक आणखी वाढतो. एक ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. उघड्या पोत्यातली पावडर महिन्यागणिक निकामी होत जाते. ती २० टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्याच क्लोरीनसाठी हजार लिटरला ५ नव्हे, सव्वाआठ ग्रॅम लागतात. म्हणून पोतं घट्ट बांधून, सावलीत, कोरड्या जागी ठेवा आणि शक्ती तपासून घेत जा.

पावडर थेट टाकीत भिरकावू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरेल इतकं पाणी घालून ढवळा. एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर घेऊ नका, म्हणजे वरच्या विहिरीला सहा बादल्या. पाच-दहा मिनिटं थांबा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन तेवढंच वापरा. विहिरीत ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा, नाहीतर औषध वरच्या थरातच राहतं.

पावडरीऐवजी ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळत असेल तर टाकीला लागणारं क्लोरीन १५,८७६ × १.६५ मिग्रॅ = २६.२ ग्रॅम. द्रावणाच्या लिटरमध्ये ५० ग्रॅम, म्हणजे ५२४ मिलि. हे मोजपात्रात असं मोजा: पात्र सपाट जागी ठेवा, हातात धरून वर उचलू नका, डोळा द्रवाच्या पातळीला आणा. काचेच्या पात्रात द्रवाचा माथा मधोमध खोलगट दिसतो. त्याचा सर्वांत खालचा भाग रेघेला टेकला पाहिजे. वरून बघितलं तर वाचन जास्त येतं आणि प्रत्यक्षात द्रव कमी घेतला जातो. प्लास्टिकच्या पात्रात माथा बहुधा सपाटच दिसतो, तिथे हा प्रश्न कमी.

पात्राचा आकारही मापाला साजेसा घ्या. हजार मिलिच्या पात्रावर रेघा १० मिलिच्या असतात, त्यात २५ मिलि मोजण्यात अर्थ नाही. त्यासाठी २५ किंवा ५० मिलिचं लहान पात्र घ्या. काचेवर लिहिलेलं तापमान, कुठे २० अंश, कुठे २७, हे ते पात्र कुठल्या तापमानाला बरोबर आहे ते सांगतं. गावपातळीवरच्या कामाला तो फरक नगण्य आहे.

आणि हे सगळं गणित सुरुवातीची मात्रा ठरवण्यापुरतं. खरा निकाल ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टचा, म्हणजे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन बघण्याचा. औषध टाकून किमान अर्धा तास थांबा, मग नळाच्या शेवटच्या टोकाचं पाणी घ्या. नळीत बरोबर रेघेपर्यंत भरा, थेंब सांगितले तितकेच टाका आणि पिवळा रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत जुळवा. उशीर झाला की मोकळ्या क्लोरीनबरोबर बांधलेलं (पाण्यातल्या अमोनियासारख्या घटकांशी जोडलं गेलेलं) क्लोरीनही रंग देतं आणि आकडा फुगतो. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं. कमी आलं तर मात्रा वाढवा, टाकीचं माप बदलू नका.

नवी_जलसुरक्षक

खूप उपयोग झाला, सगळं वहीत उतरवून घेतलं. अजून एक. शाळेवर आणि अंगणवाडीवर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या आहेत, वर १,००० लिटर लिहिलंय. त्यांचा आकार धड गोलही नाही, अंगावर कंगोरे आहेत, वर निमुळत्या होतात. टेपने मोजता येतील का?

ओळंबा

टेप लावू नका, तिथे सूत्र बसत नाही. मोजून पाणी ओतायचं आणि बाहेरून रेघा मारायच्या.

आधी एक २० लिटरचा कॅन खात्रीचा करा. रिकामा कॅन काट्यावर ठेवा, समजा ०.८५ किलो. रेघेपर्यंत पाणी भरून पुन्हा ठेवा, समजा २०.७५ किलो. पाणी १९.९० किलो. ३० अंशांच्या आसपास एक लिटर पाण्याचं वजन साधारण ०.९९६ किलो भरतं, म्हणून १९.९० ÷ ०.९९६ = १९.९८ लिटर. कॅन चांगला आहे. हा ताळा पाण्यापुरताच. दुधाचा लिटर साधारण १.०३ किलोचा आणि खाद्यतेलाचा सुमारे ०.९१ किलोचा, म्हणून तेलाच्या कॅनमध्ये पाणी भरून 'वजन का वाढलं' असं करू नका.

मग टाकी समतल बसली आहे ना ते पाहा आणि पाच-पाच कॅन ओतून दर १०० लिटरला बाहेरून पातळीची रेघ मारा. काळ्या टाकीत पातळी बाहेरून दिसत नाही, म्हणून खालच्या तोटीला पारदर्शक नळी जोडून ती टाकीच्या अंगाला उभी बांधा. नळीत पाणी टाकीइतकंच चढतं. रेघांमधलं अंतर सारखं येणार नाही, वर निमुळती होते तिथे रेघा लांब-लांब पडतील. ते बरोबरच आहे. ओव्हरफ्लोच्या भोकापाशी किती लिटर भरले तो आकडा टाकीवर रंगवा. पाटीवरच्या १,००० पेक्षा तो कमी निघाला तर तोच धरायचा, कारण औषध आणि वाटप दोन्ही त्याच्यावर चालतं.

पाणीपुरवठा_जुना

मीटरचा प्रश्न राहिला.

काळे आकडे पूर्ण घनमीटर. लाल आकडे किंवा लाल काटे म्हणजे घनमीटरचा अपूर्णांक. काट्याजवळ ×०.१ लिहिलं असेल तर त्यातला एक भाग १०० लिटर, ×०.०१ म्हणजे १० लिटर, ×०.००१ म्हणजे १ लिटर. काल काळे आकडे ०१२४३ आणि आज ०१२७१ असतील तर २८ घनमीटर गेले, म्हणजे २८,००० लिटर. लाल आकडे काळ्यांना चिकटवून एकत्र वाचले की खप हजारपट दिसतो. वाचन रोज एकाच वेळी घ्या.

मीटर खरं दाखवतो का हे तुमच्या बैठ्या टाकीवरच तपासता येतं. गावाकडचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, पातळी पट्टीवर वाचा, मीटर वाचा, मग टाकी ५० सेंमी चढेपर्यंत भरा. ५० × ८८.२ = ४,४१० लिटर. मीटरने ४.३० घनमीटर दाखवले तर तो अडीच टक्के कमी मोजतोय. पण पातळी वाचताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तरी ५० सेंमीत ती एक टक्का होते, म्हणून लगेच मीटरला दोष देऊ नका. भरणं थांबल्यावर पाणी शांत होऊ द्या, मगच वाचा. जमल्यास पूर्ण मीटरभर चढवा. अशा मीटरला नेहमीच्या प्रवाहात दोन टक्क्यांपर्यंत आणि अगदी कमी प्रवाहात पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो. पंप सुरू करताना पाइपात हवा असेल तर ती हवाही मीटर फिरवते, म्हणून पहिली काही मिनिटं सोडून मोजणी सुरू करा.

मीटर नसेल तिथे बादली आणि घड्याळ. २० लिटरचा कॅन ८ सेकंदांत भरला तर सेकंदाला २.५ लिटर. याला ३.६ ने गुणलं की तासाचे घनमीटर मिळतात, म्हणजे ९. पण ८ सेकंदांत अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे ६ टक्के. प्रवाह जोराचा असेल तर २०० लिटरचं बॅरल घ्या, ते ८० सेकंदांत भरेल आणि तीच अर्ध्या सेकंदाची चूक पाऊण टक्क्याच्या आत राहील. तीनदा मोजून सरासरी काढा.

माळरान

विषय निघालाच आहे तर विचारतो. ३० × ३० × ३ मीटरचं शेततळं. गुणाकार २,७०० घनमीटर येतो, पण कृषी विभागाच्या कागदावर २,१९६ आहे. बरोबर कोण?

ओळंबा

कागद बरोबर. ३० × ३० हे फक्त वरचं तोंड. बाजू १:१ उताराच्या असल्या तर ३ मीटर खाली जाताना चारही बाजूंनी ३-३ मीटर आत येतात आणि तळ २४ × २४ उरतो. वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६, आणि दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ७२०. तिघांची बेरीज २,१९६. तिला खोलीने गुणून ३ ने भागायचं, आणि इथे खोलीच ३ असल्याने उत्तर २,१९६ घनमीटर. जवळपास २२ लाख लिटर. वर आणि तळ यांची नुसती सरासरी घेतली तर २,२१४ येतात, तेही कामचलाऊ म्हणून ठीक.

फक्त एक बघा. तळ्यात पाणी अर्ध्या उंचीवर असलं म्हणजे साठा निम्मा असं होत नाही. दीड मीटरवर पाण्याचं तोंड २७ × २७ असतं. ७२९, ५७६ आणि ६४८ यांची बेरीज १,९५३, गुणिले १.५, भागिले ३ = ९७६.५ घनमीटर. म्हणजे निम्मे ११ लाख नव्हे, साधारण पावणेदहा लाख लिटर. ठिबकचं वेळापत्रक बसवताना हा आकडा धरा.

माळरान

समजलं. मग पेपरात येणारं दलघमी आणि टीएमसी याच घनमीटरचं का?

पाणीपुरवठा_जुना

हो. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, १०० कोटी लिटर. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, ते २८.३२ दलघमी होतात. कोयनेचा एकूण साठा १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे २,९८० दलघमी. नदीत विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, २८.३ लिटर. विसर्गाच्या क्युसेकला २८.३ ने गुणलं की सेकंदाचे लिटर मिळतात.